गडू आणि विमान

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की नांदगाव पेठेच्या आमच्या घरात माळ्यावरची भांडी अंगणात उतरतात. रोजच्या वापरात स्टील आहे, पण दोन घागरी, एक परात, पाणी तापवायचा बंब आणि दहा-बारा फुलपात्रे अशी पितळेची मंडळी वर्षभर माळ्यावर अंधारात बसून असतात. वर्षातून एकदा त्यांचे अभ्यंगस्नान होते. चिंच, लिंबाच्या फोडी, राख आणि नारळाची शेंडी एवढे साहित्य जमले की आमच्या सौ. पदर खोचून बसतात आणि घटकाभरात अंगणात दहा सूर्य उगवतात.

त्या सगळ्यांत एक गडू आहे. तो उतरवायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा आणि परत ठेवायचा. त्याला लिंबू लावायचे नाही, असा हुकूम मी २०१४ साली काढला. घरातले माझे बाकीचे हुकूम कुठे गेले ते मला सांगता येणार नाही, पण एवढा एक कसाबसा टिकून आहे. मराठीचा प्राध्यापक भांड्याकुंड्यांत लक्ष घालू लागला की घरातली माणसे समजतात, याचे पेपर तपासून झालेले दिसतात. आमच्याकडेही तसेच समजले गेले. पण त्या हुकमामागे एक विमान आहे, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेले नाही. ते आज सांगतो.

गडू माझ्या मोठ्या आजोबांचा. म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. घरची कोरडवाहू जमीन दोघा भावांना पुरणारी नव्हती. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यातले काम कापसाच्या हंगामापुरते. एकदा गठाणी रवाना झाल्या की हात रिकामे. गावातला एक जण मुंबईच्या गोदीत होता. लढाईचे दिवस, गोदीत माणसे लागत होती. मोठे आजोबा १९४३ च्या पावसाळ्यानंतर बडनेऱ्याला गाडीत बसले. लग्नाला दोन वर्षे झाली होती. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि लग्नात मिळालेला हा गडू. त्यावर नाव कोरलेले होते, कारण नाव कोरल्याशिवाय भांडे घराबाहेर पडू द्यायचे नाही ही आपली जुनी रीत. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, अधूनमधून कोणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड यायचे. एप्रिलनंतर दोन्ही यायचे बंद झाले.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा जन्मदिवस, म्हणून आमच्या भागात ही तारीख कोणी विसरत नाही. आमच्या घरात ती आणखी एका कारणाने विसरली जात नाही. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. ते इंग्लंडातल्या बर्कनहेड बंदरातून फेब्रुवारीत निघाले तेव्हा त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने होती आणि ३१ खोक्यांत भरलेल्या सोन्याच्या विटा होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गठाणी आणि वंगणाच्या तेलाची पिंपे चढवण्यात आली. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस! वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला विचारले असते तरी त्याने सांगितले असते की बाबा, हे करू नकोस. जहाजाच्या कप्तानालाही ते पटले नव्हते आणि त्याने तशी तक्रार नोंदवली होती. पण लढाईत जहाजे कमी आणि माल फार, तेव्हा त्याची तक्रार कागदावर राहिली आणि कापूस जहाजात चढला.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले धावले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. हजार मैलांवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. पेटलेल्या गठाणी आभाळातून शहरावर पडल्या आणि जिथे पडल्या तिथे आगी लागल्या. गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट आली. त्यांनी ती सरकारजमा केली. आग विझवणारे ६६ जवान गेले. एकूण माणसे किती गेली? कोणी आठशे सांगतात, कोणी तेराशे. पाचशेचा फरक! त्या पाचशेंतच कुठेतरी आमचे मोठे आजोबा आहेत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

बातमी दाबून ठेवली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली, पण आपल्या लोकांना छापायची परवानगी मिळायला मे महिना उजाडला. नांदगाव पेठेत रेडिओ कुठला? आमच्याकडे जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, तो गोदीतला गावकरी आला. त्याने ओसरीवर पेटी ठेवली, त्यावर गडू ठेवला आणि तो खाली मान घालून बसला. मोठे आजोबा त्या दिवशी कामावर होते. खोलीवर परत आले नाहीत. तीन-चार इस्पितळे पाहिली, मिळाले नाहीत. एवढेच त्याला ठाऊक होते.

मोठी आजी तेव्हा अठराची होती. ती १९९९ साली गेली. तोवर मी एकवीस वर्षांचा घोडा झालो होतो, म्हणून तिचे बोलणे मला चांगले आठवते. तिने कुंकू पुसले नाही. सासू-सासऱ्यांनी सांगून पाहिले, भाऊबंद येऊन बसले, गावात कुजबुज झाली. तिचे उत्तर एकच.

"मले कोनी काही दाखोलं काय? मानूस गेला तं लाकडं लागतात. ह्यायले लाकडं नाही लागले. मंग मी कुकू कायले पुसू?"

पंचावन्न वर्षे तिने ते कपाळावर ठेवले. हळदीकुंकवाला बोलावायचे की नाही, हा प्रश्न गावातल्या बायकांना दर संक्रांतीला पडायचा. काही बोलवायच्या, काही टाळायच्या. ती कोणाकडेच जात नसे. मी लहानपणी तिला एकदा विचारले होते, की आजोबा येतील असे तुला वाटते का? ती म्हणाली, "येतीन असं मी कधी म्हनलं रे? गेले असं मी नाही म्हनत, एवढंच." मराठी शिकवायला लागल्यापासून या दोन वाक्यांतला फरक मी वर्गात पुष्कळदा समजावून सांगितला आहे; कोणाचे आहेत ते मात्र सांगितले नाही.

आणि दर दिवाळीला ती गडू घासायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. आधी चिंच, मग राख, शेवटी लिंबाची फोड. आरशासारखा करायची आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची. ती गेल्यावर तो गडू मी पहिल्यांदा हातात घेऊन निरखला, तेव्हा लक्षात आले की त्यावर नाव नाही. म्हणजे होते, पण पंचावन्न दिवाळ्यांनी ते पुसून टाकले होते. उजेडात तिरपा धरला तर चार-दोन ओरखडे दिसायचे. जे राखायचे होते तेच तिच्या हातांनी झिजवले होते. मी हे कोणाला बोललो नाही. आई आणि पुढे सौ. तो तसाच घासत राहिल्या.

आता विमान. माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेली. २०१४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मला आग्रहाने बोलावले. तिथल्या प्रथेप्रमाणे तिने मला किल्ले दाखवले, शेक्सपिअरचे गाव दाखवले, आणि पाहण्यासारखे संपत आले तेव्हा कॉसफर्ड नावाच्या गावी विमानांचे संग्रहालय दाखवायला नेले. प्रवेश फुकट होता हेही एक कारण असावे. जावईबापू हिशेबी आहेत. चकचकीत विमाने पाहून माझे पाय दुखू लागले. मग एका बाजूला प्लॅस्टिकच्या कापडाचे दोन लांबट बोगदे दिसले, आपल्याकडे रोपवाटिकेत असतात तसे. आत पावसासारखे काहीतरी पडत होते आणि त्या पावसात एक मोडके, काळपट, शंख-शिंपले चिकटलेले धूड पडले होते.

ते जर्मनीचे डॉर्निअर १७ जातीचे बाँबफेकी विमान होते. २६ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या विमानतळांवर हल्ला करायला आले असता ते गारद झाले आणि केंटच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर आदळून उलटे झाले. चौघांपैकी दोघे मेले, दोघे कैद झाले. वाळूने विमान पोटात घेतले. ती वाळू सारखी सरकत असते. सरकता सरकता २००८ च्या सुमारास तिने ते पुन्हा उघडे केले. पन्नासेक फूट पाण्याखाली, चाके वर करून ते पडले होते. मग ते काढायचे ठरले. पाणबुडे महिनाभर वाऱ्याशी झगडले, आधीची सगळी योजना बदलली आणि १० जून २०१३ च्या संध्याकाळी विमान पाण्याबाहेर आले.

एका मोडक्या विमानासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण त्या जातीचे जगात ठाऊक असलेले ते एकच उरले आहे. ती विमाने शेकड्यांनी बांधली गेली होती. पण जी जमिनीवर राहिली किंवा पडली ती सगळी मोडीत गेली. लढाईत ॲल्युमिनियमला सोन्याचा भाव, पडलेले विमान वितळवून त्याचे दुसरे विमान करायचे. माणसांच्या हाती सापडली ती सगळी संपली, आणि समुद्राने गिळले ते एक राहिले.

तिथे एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगायला उभे होते. माझे इंग्रजी वर्गाबाहेर फारसे पडलेले नाही, बहिणीने मदत केली. त्यांनी सांगितले ते असे. खारे पाणी धातूच्या पापुद्र्यापापुद्र्यांत मुरलेले असते. वाळूखाली हवा पोचत नाही तोवर फारसे बिघडत नाही. खरा धोका बाहेर काढल्यावर. विमान उन्हात वाळवले की आतले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि धातू आतून खायला लागते. सत्तर वर्षांत समुद्राने जे केले नाही ते हवा थोडक्या काळात करून टाकते. त्यातून विमानात ॲल्युमिनियमला पोलादी खिळे आणि बोल्ट मारलेले; दोन धातू आणि मध्ये मिठाचे पाणी म्हणजे एकाने दुसऱ्याला खाणे आलेच. म्हणून वाळू द्यायचे नाही. बोगद्यात ठेवून महिनोन्महिने सौम्य द्रावणाचा फवारा मारत राहायचा, म्हणजे मीठ हळूहळू बाहेर येते आणि वरचा थर सैल होतो. तो मग प्लॅस्टिकच्या पात्यांनी अलगद खरवडायचा.

"कसले द्रावण?" मी विचारले.

"सायट्रिक ॲसिड," ते म्हणाले.

"म्हणजे लिंबू!" मी मराठीतच ओरडलो. बहीण लाजली. मी तिला म्हटले, अगं, यांना सांग, आमच्या घरी हे पंचावन्न वर्षे चालले होते. तिने काय सांगितले कोण जाणे, म्हातारबुवा हसले. पण मग त्यांनी जे सांगितले त्याने माझे हसू गेले. ते द्रावण अगदी पातळ ठेवतात आणि त्यात थोडा क्षार घालून त्याची आंबट धार मारतात, कारण तीव्र आम्ल मळाबरोबर धातूही खाते. विमान चकचकीत करायचेच नाही. त्याचा मूळ रंग, कारखान्यात मारलेले आकडे, गोळ्यांची भोके, हे सगळे राहिले पाहिजे. धुणे वेगळे आणि राखणे वेगळे. घरी जाताना मोटारीत मी गप्प होतो. जावईबापूंना वाटले, मला जेवण बाधले.

त्यानंतर मी या विषयाच्या नादी लागलो. पाण्यातून काढलेल्या विमानांचे पुढे काय करावे यावर जाणकारांचेही एकमत नाही, हे वाचून मला बरे वाटले. हॅलिफॅक्स जातीची दोन विमाने नॉर्वेच्या सरोवरांतून निघाली. एक १९७३ साली काढले. ते लंडनच्या हेंडन संग्रहालयात जवळपास निघाले तसेच मोडक्या स्थितीत ठेवलेले आहे. दुसरे १९९५ साली काढले आणि कॅनडातल्या लोकांनी ते दहा वर्षे खपून नव्यासारखे उभे केले. एकाकडे पाहून लढाई दिसते, दुसऱ्याकडे पाहून विमान दिसते. मला विचाराल तर पहिले बरे. पण दुसऱ्यासाठी ज्यांनी दहा वर्षे दिली त्यांच्यापुढे हे बोलायची माझी छाती नाही. तिसरा पक्ष म्हणतो, काढूच नका. युनेस्कोचा २००१ चा करार पाण्याखालचा वारसा शक्यतो जागच्या जागी राखा असे सांगतो. जिथे माणसे आहेत तिथे मला हे पटते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली 'खुकरी' बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी नौदलाचे एक अलिझे विमान पाकिस्तानी विमानाने पाडले. त्यातले तिघे परत आले नाहीत. ती बोट आणि ते विमान म्हणजे समाध्या आहेत. दीवला किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक आहे, ते समुद्राकडे तोंड करून आहे.

हे झाले समुद्रातल्याचे. जे आपल्या हातात, धक्क्याला बांधलेले होते त्याचे काय झाले? ज्या विमानवाहू 'विक्रांत'वरून अशी अलिझे विमाने उडत, ती १९९७ नंतर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी बहिणीकडून परत आलो त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, दारूखान्यात ती तोडायला घेतली. खर्च झेपत नव्हता म्हणतात, खोटे नसेल. पुढे एका कंपनीने तिच्या लोखंडाचा अंश घालून मोटारसायकल काढली. माझा एक विद्यार्थी ती घेऊन कॉलेजात यायचा आणि अभिमानाने टाकीवर थाप मारायचा. मी त्याला म्हटले, जपून चालव रे बाबा, तू आमचे संग्रहालय चालवतो आहेस. त्याला विनोद कळला नाही. मलाही तो विनोद वाटत नव्हता.

दारूखान्यापासून व्हिक्टोरिया गोदी लांब नाही. परीक्षेच्या कामासाठी मुंबईला गेलो असता एकदा मी तिकडे गेलो. स्फोटानंतर ८००० माणसांनी सात महिने राबून तिथला पाच लाख टन राडारोडा उपसला होता. गाळ काढताना पुढे कितीतरी वर्षांनी सोन्याच्या विटा मिळाल्या. सोने सापडते, कारण ते मोजलेले असते. किती गेले आणि किती आले याची वही असते. मला ती गोदी निदान डोळ्यांनी पाहायची होती. ते पाणी, ज्यात कदाचित. पण व्हिक्टोरिया गोदी आता नाहीच. ती आणि शेजारची प्रिन्सेस गोदी भराव घालून बुजवली आहे, मालाचे डबे ठेवायला. मी कुंपणाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. रखवालदाराने दोनदा विचारले, काय पाहिजे? मी म्हटले, काही नाही. मग भायखळ्याला अग्निशमन दलाच्या आवारातल्या त्या ६६ जवानांच्या स्मारकाला बाहेरूनच नमस्कार केला आणि रात्रीच्या गाडीने परतलो.

यंदा भांडी उतरली तेव्हा बंडाची सुरुवात सौ. नी केली. "काळाकुट्ट झाला आहे तो गडू," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपुढे असला मांडायचा? लोक काय म्हणतील, मास्तरांच्या घरी एक लिंबू मिळत नाही?" प्रश्न बिनतोड होता. मी सायट्रिक ॲसिड, क्षार, पापुद्रे वगैरे बोलू लागलो, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही तासच घ्या."

तेवढ्यात माझी मुलगी, आठवीत आहे, पातळ कागद आणि शिसपेन्सिल घेऊन आली. शाळेत नाण्यांचे ठसे काढतात तसा तिने कागद गडूवर गुंडाळला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागली. मी म्हटले, काही नाही त्यावर. पण अकरा वर्षांत वर जो काळा थर बसला होता तो खाचांत वेगळा बसला होता की काय, कागदावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. एक काना. एक 'द'. मग जागा कोरी. मग अर्धा 'ठ', वरची शेंडी गेलेला. आम्ही तिघे उकिडवे बसून पाहत होतो. गावाचे नाव होते ते. माणसाचे नाव कोरीच राहिले. तिने पुन्हा घासले, कागद फाटला.

ओसरीवरून आई पाहत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण ऐकू सगळे येते.

"सापडलं का रे नाव?"

"नाही. नांदगाव पेठ एवढेच आहे. तेही अर्धे."

"असू दे," ती म्हणाली. "तसाच मांडा थो. मोठ्या आईनं घासला तेवढा बस झाला."

सौ. नी लिंबाच्या फोडी परातीकडे सरकवल्या आणि मुलीच्या हातात कोरडे फडके दिले.